प्रोटोझोआ : एका शब्दातले दोन दावे

‘प्रोटोझोआ’ हा शब्द दोन ग्रीक शब्द जोडून तयार केलेला आहे. ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला आणि ‘झोऑन’ म्हणजे प्राणी. ‘झोआ’ हे त्याचे अनेकवचन. शाळेत आपण याची व्याख्या ‘एकपेशीय प्राणी’ अशी पाठ केलेली असते, म्हणून शब्दाचा अर्थही तोच असणार असे धरून चालतो. पण या शब्दात ‘एक’ नाही आणि ‘पेशी’ही नाही. ती असणे शक्यच नव्हते. गेओर्ग आउगुस्ट गोल्डफुस या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने हा शब्द १८१८ साली वर्गीकरणावरच्या एका लेखात वापरला. प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली असतात हा सिद्धांत थिओडोर श्वानने मांडला तो १८३९ साली. शब्द आधी आला आणि आज आपण ज्या अर्थाने तो ओळखतो तो अर्थ पुष्कळ उशिरा त्यात येऊन बसला.

हे पुस्तक अशा जिवांविषयी आहे जे तळ्याच्या पाण्यात, ओल्या मातीत, वाळवीच्या पोटात, डासाच्या लाळेत आणि आपल्या आतड्यात राहतात, आणि ज्यांचे सगळे आयुष्य एका पेशीत पार पडते. त्यांची ओळख करून देण्याआधी त्यांच्या नावाचा इतिहास सांगायला हवा असे मला वाटते, कारण या जिवांच्या बाबतीत नाव हे नुसते लेबल राहिलेले नाही. ‘पहिला’ आणि ‘प्राणी’ हे दोन्ही शब्द म्हणजे दोन दावे आहेत. हे जीव सर्वांच्या आधीचे आहेत, हा एक. हे जीव प्राणी आहेत, हा दुसरा. गेल्या दोनशे वर्षांत दोन्ही दावे टिकले नाहीत. तरीही शब्द टिकला, आणि त्याने कुणी काय शोधायचे, कुठल्या विभागात शोधायचे आणि कुठे पाहायचेच नाही हेही बराच काळ ठरवले.

यातला ‘प्राणी’ हा दावा गोल्डफुसच्याही दीडशे वर्षे आधीचा आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हा स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून जे दिसेल ते पाहत असे आणि त्याची वर्णने पत्रांतून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवत असे. १६७४ साली त्याने गावाजवळच्या एका तळ्याचे पाणी पाहिले आणि त्यात हालचाल करणारे बारीक जीव असल्याचे लिहिले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १६७६मध्ये, त्याचे ते प्रसिद्ध लांबलचक पत्र गेले. मिरी तिखट का लागते याचा शोध घ्यावा म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली होती. तिखटपणाचे कारण सापडले नाही, पण त्या पाण्यात असंख्य जीव पोहताना दिसले. डच भाषेत त्याने त्यांना ‘लहान प्राणी’ असे म्हटले. लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा ‘ॲनिमलक्यूला’ हा शब्द रूढ झाला. सोसायटीतल्या लोकांना हे खरे वाटेना. शेवटी १६७७च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हुकने स्वतः मिरीचे पाणी तयार करून ते जीव सभासदांना दाखवले.

लेव्हेनहूकने त्यांना प्राणी म्हटले याचे कारण साधे होते: ते हलत होते. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाचे शिक्षण नव्हते, वर्गीकरणाशी त्याला देणेघेणे नव्हते. जे आपण होऊन इकडून तिकडे जाते ते जनावर, जे एका जागी राहते ते झाड, ही समज कुठल्याही खेड्यात कुणाकडेही असते आणि मोठ्या जिवांच्या बाबतीत ती जवळजवळ नेहमी बरोबर ठरते. सूक्ष्म जगात ती चालत नाही. तिथे हिरव्या, उन्हावर जगणाऱ्या पेशीही भराभर पोहतात. हे उमगायला दोनशे वर्षे लागणार होती, आणि तोवर ‘हलते म्हणून प्राणी’ हा निवाडा एका नावातून दुसऱ्या नावात उतरत राहिला.

पुढच्या शतकात या जिवांना ‘इन्फ्युझोरिया’ म्हणू लागले. लॅटिनमधल्या ‘ओतणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला आहे. वाळलेले गवत किंवा मिरी पाण्यात घालून काही दिवस ठेवायची, की त्यात हे जीव दिसू लागतात. म्हणून ओतलेल्या, भिजवलेल्या पाण्यातले ते इन्फ्युझोरिया. आयुर्वेदात वनस्पती गरम पाण्यात भिजवून केलेल्या औषधाला ‘फांट’ म्हणतात आणि थंड पाण्यात भिजवून केलेल्याला ‘हिम’. त्या हिशेबाने इन्फ्युझोरिया म्हणजे हिमातले जीव. गटिंगनच्या विद्यापीठातल्या हाइनरिश व्रिसबेर्गने १७६५ साली याच नावाने ग्रंथ छापला, आणि ओटो फ्रीडरिश म्यूलर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७८६ साली प्रसिद्ध झाला. आज वापरात असलेली ‘पॅरामीशियम’, ‘व्हॉर्टिसेला’, ‘व्हिब्रिओ’ ही नावे त्या ग्रंथात सापडतात. त्यातले व्हिब्रिओ पुढे कॉलऱ्याच्या जंतूच्या नावात गेले.

मला इन्फ्युझोरिया हा शब्द फार आवडतो. हे जीव कोण, त्यांचे स्थान कोणते, याविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. ते कुठे मिळतील एवढेच सांगतो. ज्याला पाहायचे आहेत त्याने गवत भिजत घालावे. त्या काळी तर याहून जास्त काही बोलणे धोक्याचे होते, कारण नुसत्या भिजवलेल्या गवतात जीव येतात कुठून यावरच वाद पेटला होता. जॉन नीडहॅमने १७४८ साली मांसाचा रस्सा गरम करून बाटलीत बंद केला आणि तरी त्यात जीव आले, म्हणून ते आपोआप उत्पन्न होतात असा निष्कर्ष काढला. इटलीतल्या लाझारो स्पालान्झानीने १७६५ साली दाखवून दिले की पुरेसा वेळ उकळून बाटली नीट बंद केली तर काहीच येत नाही. आणि ज्या लिनिअसने साऱ्या सृष्टीला नावे देण्याचे काम अंगावर घेतले होते, त्याने आपल्या ग्रंथाच्या १७६७च्या आवृत्तीत यांच्यातल्या बऱ्याच जणांना एकाच प्रजातीत टाकले आणि तिचे नाव ठेवले ‘केऑस’. ग्रीक पुराणकथांत सृष्टी आकाराला येण्याआधीची जी अवस्था होती तिचे हे नाव. सृष्टीतल्या प्रत्येकाला जागा देणाऱ्या माणसाला यांची जागा सापडली नाही, एवढे त्यावरून कळते.

गोल्डफुस येतो तो या पार्श्वभूमीवर. आज जीवाश्मशास्त्रात त्याचे नाव घेतले जाते. जर्मनीतल्या जीवाश्मांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ त्या शास्त्राच्या पायाभूत ग्रंथांपैकी एक मानला जातो. पण तरुणपणी त्याच्यावर त्या वेळच्या जर्मन निसर्ग-तत्त्वज्ञानाचा प्रभाव होता. सृष्टी ही एका जिन्यासारखी आहे, खालच्या पायरीवर साधे जीव, वरच्या पायरीवर माणूस, आणि प्रत्येक प्राणी म्हणजे त्या चढणीतला एक टप्पा, असे ते तत्त्वज्ञान सांगे. त्या विचाराचा अग्रणी लोरेन्झ ओकेन ‘इझिस’ नावाचे नियतकालिक चालवी आणि त्यातच गोल्डफुसचा लेख आला. जर्मनमधल्या ‘मूळचे प्राणी’ अशा अर्थाच्या शब्दाचे त्याने ग्रीक रूप केले ते प्रोटोझोआ. या वर्गात त्याने इन्फ्युझोरिया घातले, पण त्यांच्या जोडीला पोवळ्यांसारखे जीव आणि जेलीफिशही घातले. आज जेलीफिशला कुणी प्रोटोझोआ म्हटले तर शाळकरी मुलेही चूक काढतील. गोल्डफुसच्या शब्दात मात्र ते बिनदिक्कत बसत होते, कारण त्याच्या दृष्टीने प्रश्न पेशींचा नव्हता, पायरीचा होता.

यामुळेच ‘प्रोटोस’चा अर्थही जपून घ्यावा लागतो. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा चाळीस वर्षे होती. गोल्डफुस ‘पहिला’ म्हणतो तेव्हा तो काळाने सर्वांत जुना असे सांगत नसून सर्वांत खालच्या पायरीवरचा असे सांगतो. उत्क्रांतीचा विचार रुजल्यावर लोकांनी त्याच शब्दात काळाचा अर्थ वाचायला सुरुवात केली आणि अक्षरही न बदलता शब्दाचा दावा बदलून गेला.

व्युत्पत्तीच्या वाटेने एक वळण घ्यावेसे वाटते, कारण मराठी वाचकाला इथे आपल्या घरची माणसे भेटतात. ग्रीक ‘झोऑन’ आणि ‘झोए’ म्हणजे जीवन, हे शब्द आणि संस्कृतातला ‘जीव’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच मूळ धातूपर्यंत नेतात. लॅटिनमधला ‘व्हिव्हुस’ म्हणजे जिवंत, हाही त्याच कुळातला. ‘प्रोटोस’ आणि आपला ‘प्रथम’ यांचेही मूळ एकाच उपसर्गात आहे, जो आपल्याकडे ‘प्र’ म्हणून उरला. हिंदीत या जिवांना ‘प्रजीवगण’ असाही शब्द वापरलेला दिसतो. तो करणाऱ्याच्या मनात हे नाते होते की नाही कोण जाणे, पण तो मूळ ग्रीक शब्दाशी धातूला धातू जुळवतो.

मराठीत आपण ‘आदिजीव’ म्हणतो, आणि शालेय पुस्तकांतही तोच शब्द आहे. हा शब्द ज्यांनी केला त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. ग्रीक शब्दाचे थेट भाषांतर ‘आदिप्राणी’ असे झाले असते. ‘जीव’ म्हटल्याने झाड, बुरशी, प्राणी सगळ्यांना जागा राहिली आणि मूळ शब्दातला निम्मा वादग्रस्त भाग आपोआप गळून पडला. ‘आदि’ मात्र राहिला, आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न मराठीतही तसाच आहे.

‘एक पेशी’ या अर्थाकडे परत येऊ. बर्लिनच्या क्रिस्टियान एरेनबेर्गने या जिवांना नीळ आणि किरमिजी रंग चारला. त्यांच्या अंगात रंगीत गोळे दिसू लागले, तेव्हा त्याने त्यांना पोटे म्हटले आणि १८३८ साली एक भव्य ग्रंथ लिहून जाहीर केले की इन्फ्युझोरिया हे सर्व अवयव असलेले परिपूर्ण जीव आहेत. फ्रान्समध्ये फेलिक्स द्यूजार्दँ याने ते मानले नाही. त्याच्या मते आत पोटेबिटे काही नव्हती, सगळा एक चिकट, लवचीक, जिवंत पदार्थ होता, ज्याला त्याने १८३५ साली ‘सार्कोड’ म्हटले. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस. पुढे प्रोटोप्लाझम म्हणून जे ओळखले गेले ते हेच. या वादात द्यूजार्दँ जिंकला आणि त्या विजयावर कार्ल फोन झीबोल्ड याने १८४५ साली नवी व्याख्या उभी केली: प्रोटोझोआ म्हणजे ज्यांचे शरीर एका पेशीएवढे आहे असे प्राणी. जेलीफिश आणि पोवळी बाहेर गेली. सत्तावीस वर्षांनी शब्दाला तो अर्थ मिळाला जो आपण शाळेत पाठ करतो.

एरेनबेर्गची पोटे खोटी ठरली, पण त्याला जे दिसत होते ते मला आजही मोलाचे वाटते. पॅरामीशियमला अन्न आत घेण्यासाठी ठरलेले तोंड असते, जादा पाणी बाहेर फेकणाऱ्या दोन पिशव्या असतात, अंगभर हजारो पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, एका तालात हलतात, आणि केंद्रकेही दोन प्रकारची असतात, एक रोजच्या कारभारासाठी, दुसरे वंश पुढे नेण्यासाठी. आपल्या शरीरातली कुठलीही पेशी एकटी एवढी कामे करत नाही. ‘एकच पेशी’ म्हटले की ‘अगदी साधा’ असे जे आपल्या मनात येते, ते झीबोल्डच्या व्याख्येने नकळत दिलेले देणे आहे.

पुढचा मोठा वाद इंग्लंडात झाला. १८६०च्या सुमारास रिचर्ड ओवेन प्रोटोझोआला एक स्वतंत्र सृष्टीच मानू लागला. त्यावर जॉन हॉग नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १८६० साली आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप पूर्णपणे शब्दाच्या व्युत्पत्तीवर उभा होता. ज्या जिवांच्या बाबतीत ते वनस्पती की प्राणी हेच ठरत नाही, त्या सगळ्यांना ‘झोआ’ कसे म्हणायचे? त्याने ‘प्रोटोक्टिस्टा’ हा पर्याय दिला. ‘क्टिस्टोस’ म्हणजे निर्मिलेला, वसवलेला. तेव्हा प्रोटोक्टिस्टा म्हणजे आधी निर्माण केलेले जीव. या ‘क्टिस्टोस’चे नाते संस्कृतातल्या ‘क्षि’, म्हणजे वसणे, या धातूशी सांगितले जाते, ज्यापासून आपला ‘क्षेत्र’ आला. हॉगने एक आकृतीही काढली होती: वनस्पतींचा सुळका पिवळा, प्राण्यांचा निळा, आणि पायथ्याशी जिथे दोन्ही मिसळतात तो भाग हिरवा. रंगांनी वर्गीकरणाचा युक्तिवाद इतका स्पष्ट मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. डार्विनचा ग्रंथ येऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि हॉगच्या शब्दात अजून निर्माता हजर होता.

१८६६ साली येना इथे एर्न्स्ट हेकेलने तिसरा शब्द आणला, ‘प्रोटिस्टा’. हेकेल डार्विनचा कट्टर पुरस्कर्ता होता. वनस्पती आणि प्राणी या दोन फांद्यांच्या मध्ये त्याने तिसरी फांदी काढली आणि तिला हे नाव दिले. ‘प्रोटिस्टोस’ म्हणजे अगदी पहिल्याहून पहिला. ग्रीकमध्ये ‘प्रोटोस’ हेच मुळात सर्वोच्चतादर्शक रूप आहे. त्याला पुन्हा ‘इस्टोस’ हा सर्वोच्चतेचा प्रत्यय लागला आहे. हा प्रत्यय म्हणजेच आपल्या ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ यांतला ‘इष्ठ’. आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो तेव्हा आधीच सर्वांत वर असलेल्याला आणखी वर चढवतो, तसेच ते आहे. हेकेलच्या शब्दात निर्माता उरला नाही आणि प्राणीही उरला नाही. ‘पहिला’ मात्र दुप्पट जोराने आला, आणि या वेळी तो पायरीचा नव्हता, काळाचा होता. त्याच्या या सृष्टीत सुरुवातीला स्पंजही होते, यावरून एकपेशीयत्वाची अट त्यालाही तेव्हा फारशी काटेकोर वाटत नव्हती असे दिसते.

तीन शब्द झाले, पण विद्यापीठांचे विभाग दोनच राहिले. त्यामुळे युग्लीनासारख्या जिवाची विचित्र स्थिती झाली. ती हिरवी असते, उन्हावर अन्न तयार करते, म्हणून वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शैवाल. तिला कशाभिका, म्हणजे चाबकासारखा तंतू, असते, ती पोहते, तिच्या काही जातभाईंना हिरवा रंगही नसतो, म्हणून प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आदिजीव. ओल्या लाकडावर सरकणाऱ्या चिकट बुरशीसारख्या जिवांना वनस्पतिशास्त्रज्ञ ‘मिक्सोमायसिटीज’ म्हणत, तर आंतोन द बारीने त्यांच्यासाठी ‘मायसिटोझोआ’, म्हणजे बुरशी-प्राणी, हे नाव केले. नामकरणाचे नियमही वनस्पतींसाठी वेगळे आणि प्राण्यांसाठी वेगळे असल्याने एकाच जिवाला दोन्ही नियमांनी दोन वैध नावे मिळू शकत. दोन इमारतींतले लोक एकाच जिवाविषयी लिहीत होते आणि एकमेकांचे वाचत नव्हते.

विसाव्या शतकातली घडामोड थोडक्यात सांगतो. हर्बर्ट कोपलंड यांनी १९५६ साली हॉगचा प्रोटोक्टिस्टा पुन्हा उचलला. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली पाच सृष्टींची मांडणी केली, तीत हेकेलचा प्रोटिस्टा आला. आपल्या शाळांत मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी असे जे शिकवतात ते तिथून. लिन मार्ग्युलिस यांनी प्रोटोक्टिस्टाचा आग्रह धरला, कारण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा कितीतरी मीटर लांब वाढणारे केल्प हे तपकिरी शैवालही याच गटात येते आणि प्रोटिस्ट म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एक पेशी येते. मग कार्ल वूझ यांनी रेणूंच्या आधारे १९७७ साली जिवाणूंहून वेगळा असा आर्किया हा गट दाखवला आणि १९९०मध्ये साऱ्या जीवसृष्टीची तीन अधिक्षेत्रे केली. त्यानंतर डीएनएच्या तुलनेने जे चित्र उभे राहिले त्यात प्रोटोझोआ नावाचे एक कुटुंब कुठेच नाही. दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या, जिवांचे अनेक मोठे वंश आहेत आणि बहुतेक वंशांत एकपेशीय जीव विखुरलेले आहेत. अमीबा हा पॅरामीशियमचा जवळचा नातलग नाही. अमीबा आपल्या आणि बुरशीच्या अधिक जवळचा आहे.

इथे कुणी म्हणेल की हा वर्गीकरण करणाऱ्यांचा आपसातला मामला आहे, नावाने काय फरक पडतो. फरक पडतो, आणि त्याची मला ठाऊक असलेली सर्वांत ठसठशीत दोन उदाहरणे आपल्या अगदी जवळची आहेत.

पहिले हिवतापाचे. १८८० साली अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फाँस लाव्हराँ याने एका रुग्णाच्या रक्तात धाग्यांसारखे वळवळणारे काही पाहिले आणि ते जिवंत आहे हे त्याला त्या हालचालीवरून पटले. त्याने दिलेले पहिले नाव ‘ऑसिलारिया’, म्हणजे हेलकावे घेणारा. १८८५ साली इटलीतल्या मार्कियाफाव्हा आणि चेली यांनी ‘प्लाझमोडियम’ हे नाव दिले, ते टिकले. रोनाल्ड रॉसने १८९७च्या २० ऑगस्टला सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत त्याची अवस्था शोधली. हा परजीवी प्रोटोझोआ, म्हणजे प्राण्यांकडचा, हे शतकभर गृहीत राहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याच्या पेशीत अनेक पडद्यांनी वेढलेले एक अंग दिसत होते, त्याचे काम कुणाला सांगता येत नव्हते. त्याच्या पेशीत डीएनएचे एक छोटे वर्तुळ सापडले, तेव्हा ते तंतुकणिकेचे (मायटोकॉन्ड्रियाचे) असावे असे धरले गेले. नव्वदच्या दशकात, १९९६च्या सुमारास, दोन्हींचा मेळ बसला: ते अंग म्हणजे हरितलवकाचा अवशेष होता. हिवतापाच्या परजीवीचा पूर्वज उन्हावर जगत होता. सिडनीच्या बंदरातल्या पोवळ्यातून मिळालेला ‘क्रोमेरा’ हा प्रकाशसंश्लेषण करणारा जीव २००८ साली त्याचा जवळचा नातलग निघाला. या अवशेषाचे अजून काम आहे. परजीवी त्याच्याशिवाय जगू शकत नाही, आणि हिवतापावर वापरले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे औषध त्यावरच घाव घालते. ज्याच्या नावात ‘झोआ’ आहे त्याच्या पोटात हरितलवक शोधायला कोण जाणार?

दुसरे उदाहरण नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या बोलण्यातले. बागेत भुरी येते आणि डावणी येते. दोन्ही पानावर पांढरट दिसतात, दोन्हींना बुरशीजन्य रोग म्हणण्याची पद्धत आहे. भुरी खरोखरच बुरशीची. डावणी मात्र ज्या जिवामुळे येते त्याच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोज असते, तो पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतो, आणि त्याचे नातेवाईक आहेत तपकिरी शैवाल आणि डायटम. मार्ग्युलिस यांनी ज्या केल्पसाठी भांडण मांडले होते त्याच वंशातला हा. खऱ्या बुरशीच्या पेशीत अर्गोस्टेरॉल नावाचा घटक तयार होतो आणि ट्रायझोल गटातली बुरशीनाशके तो तयार होण्याची क्रिया अडवतात. डावणीचा जीव तो घटक तयारच करत नाही, म्हणून भुरीवर चालणारे ते औषध डावणीवर चालत नाही. तिथे मेटॅलॅक्झिलसारखे वेगळे औषध लागते किंवा जुने बोर्डो मिश्रण. बागायतदाराने दोन रोगांना दोन नावे ठेवली आहेत, ती या बाबतीत पुस्तकातल्या ‘बुरशी’ या एका नावापेक्षा अचूक आहेत.

आता ‘आदि’विषयी. पृथ्वीवरच्या जीवनाचे सर्वांत जुने सर्वमान्य पुरावे साधारण साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते जिवाणूंसारख्या, केंद्रक नसलेल्या जिवांचे. केंद्रक असलेल्या पेशी त्यानंतर दीडएक अब्ज वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. म्हणजे ज्यांना आपण आदिजीव म्हणतो ते येण्याआधी जीवनाचा जवळजवळ निम्मा इतिहास घडून गेला होता. शिवाय आजचा अमीबा हा आपला पणजोबाही नव्हे. त्याच्या मागे तितकीच वर्षे आहेत जितकी आपल्या मागे; त्या काळात तोही बदलत आला आहे. खालची पायरी आणि जुना काळ यांची गल्लत गोल्डफुसच्या शब्दाने दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे सोपवली, आणि ती आजही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दिसते.

तर मग हा शब्द टाकून द्यावा का? संशोधकांनी बऱ्याच अंशी टाकला आहे. अमेरिकेतल्या प्रोटोझोआच्या अभ्यासकांच्या नियतकालिकाने १९९३ साली आपल्या नावातून तो शब्द काढला, आणि त्यांच्या संस्थेनेही पुढे ‘प्रोटिस्ट’ स्वीकारला. डॉक्टर मात्र तो वापरतात आणि वापरत राहतील, कारण आमांश, हिवताप, काळा आजार यांना कारण होणाऱ्या जिवांना एकत्र बोलवायला त्यांना एक शब्द हवा असतो, आणि वंशावळ काहीही असली तरी औषधांच्या दृष्टीने हे जीव जिवाणूंपेक्षा वेगळे आहेत हे सांगायला तो पुरेसा आहे. माझे मत डॉक्टरांच्या बाजूचे आहे. कामाचा शब्द कामापुरता वापरावा. फक्त त्याच्या व्युत्पत्तीवरून त्या जिवाच्या कुळाचा निष्कर्ष काढू नये.

या पुस्तकात म्हणून असे केले आहे. रोगांविषयीच्या प्रकरणांत ‘आदिजीव’ वापरला आहे, कारण वाचकाला तो प्रयोगशाळेच्या अहवालात आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवर भेटतो. पाण्यातल्या आणि मातीतल्या जिवांच्या प्रकरणांत ‘प्रोटिस्ट’ वापरला आहे, आणि तो एका कुळाचे नाव म्हणून नव्हे, तर प्राणी, वनस्पती आणि बुरशी सोडून उरलेल्या दृश्यकेंद्रकी जिवांसाठीचा सोयीचा शब्द म्हणून वाचावा. ‘प्रोटोक्टिस्टा’ केल्पच्या प्रकरणाखेरीज कुठेही नाही. अमीबा, पॅरामीशियम, युग्लीना ही नावे मराठीत रुळलेली आहेत तशीच ठेवली आहेत. पक्ष्माभिका, कशाभिका, छद्मपाद हे शब्द विश्वकोशातले आहेत आणि प्रकरणांत पहिल्यांदा येतील तिथे चित्रासह समजावले आहेत. प्रकरणांचा क्रम पायऱ्यांचा नाही. तो वाचकाला जीव कुठे सापडेल त्यावरून लावला आहे: आधी साचलेले पाणी, मग माती, मग समुद्र, मग शेत, आणि शेवटी शरीर.